निक्सन यांनी युद्ध जिंकले नव्हते

व्हिएतनामचे युद्ध निक्सन यांनी जिंकत आणले होते, अमेरिकी काँग्रेसने ते हातचे घालवले, ही मांडणी चाळीस वर्षे झाली तरी मरत नाही. स्वतः रिचर्ड निक्सन यांनी १९८५ साली ‘नो मोअर व्हिएतनाम्स’ या पुस्तकात ती केली. लुईस सॉर्ली यांनी १९९९ मध्ये ‘अ बेटर वॉर’ लिहून तिला लष्करी तपशिलांचे पाठबळ दिले. निक्सन यांचे संरक्षणमंत्री मेल्विन लेअर्ड यांनी २००५ साली, इराकचे युद्ध चिघळलेले असताना, ‘फॉरेन अफेअर्स’मध्ये तोच सूर लावला: आम्ही दक्षिण व्हिएतनामला स्वतःच्या पायावर उभे केले होते, काँग्रेसने पैसा तोडला म्हणून ते कोसळले. या मांडणीच्या पोटात आणखी एक मांडणी आहे आणि मला खरा प्रतिवाद तिचा करायचा आहे. युद्धकाळात राष्ट्राध्यक्षाला जे ठाऊक असते ते तुम्हाआम्हाला नसते. त्याला आपले डाव उघड करता येत नाहीत. म्हणून नागरिकांनी त्याच्यावर विश्वास टाकावा, शंका काढू नयेत, कारण शंका काढणारा शत्रूचे बळ वाढवतो. आपल्याकडेही कुठल्याही युद्धाची चर्चा निघाली की चार माणसांत दोघे तरी हेच बोलतात, आणि बोलणारी माणसे बहुधा सरळमार्गी, देशावर प्रेम करणारी असतात. म्हणूनच या युक्तिवादाची नीट छाननी व्हायला हवी.

निक्सन यांच्या बाबतीत ती करता येते. फेब्रुवारी १९७१ ते जुलै १९७३ या काळात त्यांच्या कार्यालयात आणि दूरध्वनीवर ध्वनिमुद्रणाची यंत्रणा चालू होती. त्यांचे प्रमुख सहायक एच. आर. हॅल्डमन रोज रोजनिशी ठेवत होते. त्यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हेन्री किसिंजर यांच्या परदेशी भेटींची टिपणे आता खुली झाली आहेत. राष्ट्राध्यक्षाला आपल्याहून अधिक काय ठाऊक होते, हे या एका युद्धापुरते तरी आपल्याला तपासता येते.

तर त्यांना काय ठाऊक होते? ३ ऑगस्ट १९७२ रोजी निक्सन आणि हेन्री किसिंजर ओव्हल ऑफिसमध्ये बोलत बसले होते. निवडणुकीला तीन महिने उरले होते. दक्षिण व्हिएतनाम बहुधा टिकणारच नाही, असे निक्सन म्हणाले. निवडणूक जिंकणे अतिशय महत्त्वाचे आहे, असेही म्हणाले. त्यावर किसिंजर यांचे उत्तर असे की, एक-दोन वर्षे हे सगळे सावरून धरील असे काहीतरी सूत्र आपल्याला शोधले पाहिजे. या ऑक्टोबरात तडजोड झाली तर १९७४ चा जानेवारी उजाडेपर्यंत व्हिएतनामची कुणाला पर्वा उरणार नाही. हे दोघे त्या क्षणी विजयाची योजना आखत नव्हते. पराभव कधी दिसावा, याची तारीख ते ठरवत होते. समर्थकांचा समज असा होता की राष्ट्राध्यक्षांच्या हाती अशी काही गुप्त माहिती आहे, जिच्या जोरावर ते युद्ध जिंकतील. हाती गुप्त माहिती होती हे खरेच. ती एवढीच होती की हे युद्ध जिंकता येणार नाही.

ज्यांना हे एका संभाषणातले निसटते उद्गार वाटतात, त्यांनी किसिंजर यांची जुलै १९७१ ची चीनभेट पाहावी. ही भेट आपल्याकडच्या जुन्या वाचकांना चांगली आठवेल. किसिंजर पाकिस्तानात आले, पोट बिघडल्याचे निमित्त पुढे करून दिसेनासे झाले आणि याह्याखान यांच्या मदतीने पेकिंगला पोचले. पूर्व पाकिस्तानात याह्याखान यांचे लष्कर माणसे मारत होते, निर्वासितांचे लोंढे भारतात येत होते आणि वॉशिंग्टन तोंड मिटून होते, त्याचे एक कारण ही भेट होती. डिसेंबरात ‘एंटरप्राइज’ ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागरात आली, तिचा संतापही अजून विझलेला नाही. पण त्याच भेटीसाठी तयार केलेल्या टिपणवहीत, समासात, किसिंजर यांच्या हस्ताक्षरात व्हिएतनामविषयी एक नोंद आहे: आम्हाला पुरेसे सभ्य अंतर हवे आहे, आमचे तसे आश्वासन आहे. अमेरिकी सैन्य बाहेर पडणे आणि सायगाव पडणे यांच्यामध्ये डोळ्यांत येणार नाही इतका काळ जावा, एवढीच मागणी. पुढच्या वर्षी, जून १९७२ मध्ये, त्यांनी चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय यांना तोंडी सांगितले की चीनमधल्या कम्युनिस्ट सरकारबरोबर आम्ही राहू शकतो, तर इंडोचायनातल्या तशा सरकारचाही स्वीकार आम्हाला करता आला पाहिजे.

युद्धातली गुपिते शत्रूपासून राखायची असतात, हे मला मान्य आहे. हे गुपित मात्र हॅनोईला शस्त्रे पुरवणाऱ्या पेकिंगला सांगितले गेले होते. ओहायोतल्या ज्या मतदाराने गाडीच्या काचेवर झेंडा चिकटवला होता आणि ज्याचा मुलगा तिकडे भाताच्या खाचरांत बंदूक घेऊन उभा होता, त्याला ते कळू दिले नाही.

कंबोडियाच्या बाबतीत हे अधिक उघडेवाघडे दिसते. १८ मार्च १९६९ पासून चौदा महिने अमेरिकेच्या बी-५२ विमानांनी कंबोडियावर बॉम्ब टाकले. देश तटस्थ होता, काँग्रेसची परवानगी नव्हती, म्हणून कागदोपत्री हे बॉम्ब दक्षिण व्हिएतनाममध्ये पडल्याचे दाखवले गेले. ते कसे, हे हॅल नाइट या हवाई दलातल्या अधिकाऱ्याने जुलै १९७३ मध्ये सिनेटच्या समितीपुढे साक्षीत सांगितले. बिएन होआ येथे जमिनीवरच्या रडारवरून विमानांना नेम दाखवणाऱ्या तुकडीवर ते देखरेख करत. दुपारी सायगावहून एक लिफाफा येई. संध्याकाळी त्यातल्या आकड्यांवरून नवे लक्ष्य यंत्रात भरले जाई. वर उडणारे बी-५२ रडारच्या सांगण्यावरून सरहद्द ओलांडून बॉम्ब टाकत. पहाट झाली की नाइट रात्रभराचे सगळे कागद गोळा करत, जाळत, सायगावच्या एका क्रमांकावर फोन करून खेळ संपला असे सांगत, आणि व्हिएतनाममधल्या मूळ लक्ष्यावरच बॉम्ब पडल्याचा खोटा अहवाल भरला जाई. हे कुणापासून लपवायचे आहे, असे त्यांनी वरिष्ठाला विचारले, तेव्हा उत्तर आले की बहुधा सिनेटच्या परराष्ट्र व्यवहार समितीपासून.

बॉम्ब पडत होते हे ज्यांच्या डोक्यावर ते पडत होते त्या कंबोडियन शेतकऱ्यांना ठाऊक होते. त्या जंगलात तळ ठोकलेल्या उत्तर व्हिएतनामी सैन्याला ठाऊक होते, म्हणजे हॅनोईला ठाऊक होते. कंबोडियाचे प्रमुख सिहानुक यांना ठाऊक होते. अंधारात राहिले ते अमेरिकी नागरिक आणि त्यांचे प्रतिनिधी. ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये विल्यम बीचर यांनी ९ मे १९६९ रोजी ही बातमी दिली, तेव्हा सरकारने खुलासा केला नाही. बातमी कुणी फोडली हे शोधण्यासाठी स्वतःच्याच अधिकाऱ्यांचे आणि पत्रकारांचे दूरध्वनी चोरून ऐकायला सुरुवात केली. निक्सन यांचे पाठीराखे म्हणतात की वॉटरगेटने त्यांचे हात बांधले नसते तर सायगाव वाचले असते. वॉटरगेट आभाळातून पडले नाही. चोरून ऐकण्याची, स्वतःच्या लोकांवर पाळत ठेवण्याची सवय या युद्धाचे सत्य दडपण्यातूनच लागली आणि तीच पुढे त्यांना घेऊन बुडाली. युद्ध जिंकू पाहणारा एक नेता आणि त्याच्या कामात नाहक आडवे आलेले एक देशांतर्गत प्रकरण, असे दोन वेगळे कप्पे करता येत नाहीत.

आता ३ नोव्हेंबर १९६९ च्या भाषणाकडे येतो, कारण विश्वासाचा करार खऱ्या अर्थाने त्या रात्री झाला. ऑक्टोबरात देशभर लाखो लोक युद्धाविरुद्ध रस्त्यावर आले होते. निक्सन यांनी दूरचित्रवाणीवरून देशाला सांगितले की माझ्याकडे योजना आहे, आपले पायदळ पूर्णपणे मागे घेण्याचे वेळापत्रक आहे, पण ते मी जाहीर करणार नाही, कारण जाहीर केले तर शत्रूला वाटाघाटी करण्याची गरजच उरणार नाही. मग त्यांनी गप्प राहणाऱ्या बहुसंख्य देशबांधवांना पाठिंबा मागितला. अमेरिकेचा पराभव उत्तर व्हिएतनाम करू शकत नाही, तो फक्त अमेरिकनच करू शकतात, असेही ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या टेबलावर तारांचे ढीग रचून छायाचित्र काढून घेतले. पन्नास हजारांवर तारा आल्याचे सांगण्यात आले. त्यांतल्या बऱ्याच आधीच ठरवून पाठवायला लावल्या होत्या, हे त्यांचे सहायक अलेक्झांडर बटरफील्ड यांनी पुढे कबूल केले. पण सगळ्याच तारा बनावट होत्या असे मी म्हणणार नाही. लाखो लोकांनी मनापासून पाठिंबा दिला, जनमत चाचण्यांत निक्सन यांची लोकप्रियता झपाट्याने वर गेली. लोकांनी वेळापत्रक न बघता त्यावर सही केली होती.

ते वेळापत्रक पुढे कशाला बांधले गेले? हॅल्डमन यांच्या रोजनिशीतल्या डिसेंबर १९७० च्या नोंदी वाचाव्यात. १९७१ मध्येच सैन्य काढून घेऊन युद्ध संपल्याची घोषणा करावी, असा विचार निक्सन करत होते. किसिंजर यांनी विरोध केला. कारण असे दिले की सैन्य लवकर काढले आणि १९७२ मध्ये तिकडे गडबड उडाली, तर त्याचा जाब निवडणुकीत द्यावा लागेल; त्यापेक्षा १९७२ च्या शरदात निघावे, म्हणजे वाईट काही घडले तरी निवडणुकीवर परिणाम व्हायला उशीर झालेला असेल. १९७१ आणि १९७२ या दोन वर्षांत तीन हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक मेले. दक्षिण व्हिएतनामी सैनिक त्याच्या कित्येक पट मेले. निक्सन सत्तेवर आल्यापासून युद्ध संपेपर्यंत मेलेल्या अमेरिकनांचा आकडा वीस हजारांच्या वर जातो, म्हणजे वॉशिंग्टनमधल्या काळ्या भिंतीवर कोरलेल्या ५८ हजारांवर नावांपैकी एक तृतीयांशाहून जास्त.

वेळापत्रक शत्रूला कळू नये म्हणून गुप्त ठेवले, असे समर्थकांना सांगितले होते. शत्रूला त्याचा अंदाज सहज बांधता येत होता. सैन्य दर काही महिन्यांनी जाहीरपणे घटत होते. १९६९ मध्ये साडेपाच लाखांच्या जवळ असलेली संख्या १९७२ संपताना पंचवीस हजारांच्या आत आली होती. समर्थकांना जे कळू नये म्हणून सारी दक्षता घेतली होती, ते म्हणजे कॅलेंडरावरची ती तारीख कुठल्या कारणाने निवडली आहे.

पॅरिस कराराबद्दल तर सर्वाधिक दिशाभूल होते. डिसेंबर १९७२ च्या बॉम्बवर्षावाने हॅनोई गुडघ्यावर आले आणि सन्मानाने शांतता मिळाली, असे या मांडणीचे पुजारी सांगतात. १८ ते २९ डिसेंबर या काळात हॅनोई आणि हायफाँगवर बी-५२ विमानांनी बॉम्ब टाकले. पंधरा बी-५२ पडली. हॅनोईतल्या बाख माय रुग्णालयावर बॉम्ब पडले, २६ डिसेंबरच्या रात्री खाम थिएन हा गजबजलेला रस्ता उद्ध्वस्त झाला. आणि २७ जानेवारी १९७३ रोजी सही झाली ती जवळपास त्याच मसुद्यावर, जो ऑक्टोबरातच तयार होता आणि ज्याच्या जोरावर किसिंजर यांनी निवडणुकीच्या बारा दिवस आधी शांतता हाताशी आली आहे असे जाहीर केले होते. त्या करारातला सर्वांत घातक मुद्दा बॉम्बवर्षावाने तसूभरही हलला नाही: दक्षिणेत घुसलेले सुमारे दीड लाख उत्तर व्हिएतनामी सैन्य जागच्या जागी राहणार होते. दक्षिण व्हिएतनामचे राष्ट्राध्यक्ष थिऊ यांचा नेमका याच कलमाला विरोध होता आणि तो अगदी रास्त होता. शत्रूचे सैन्य घरात ठेवून जिंकलेले युद्ध कुठल्या लष्करी पाठ्यपुस्तकात बसते, हे सॉर्ली आणि लेअर्ड यांच्या अनुयायांनी दाखवून द्यावे.

थिऊ यांची समजूत काढण्यासाठी निक्सन यांनी १४ नोव्हेंबर १९७२ आणि ५ जानेवारी १९७३ रोजी त्यांना खासगी पत्रे लिहिली. उत्तरेने करार मोडला तर अमेरिका पूर्ण ताकदीनिशी उत्तर देईल, असे लेखी वचन दिले. काँग्रेसला ही पत्रे दाखवली नाहीत. एप्रिल १९७५ च्या अखेरीस सायगाव पडत असताना, थिऊ यांचे माजी मंत्री न्गुएन तिएन हुंग यांनी ती वॉशिंग्टनमध्ये पत्रकारांपुढे ठेवली, तेव्हा ती जगाला कळली. काँग्रेसने वचन मोडले हा आरोप करणाऱ्यांनी याचे उत्तर द्यायला हवे की ज्या वचनाची काँग्रेसला खबरच नव्हती, ते तिने मोडले कसे? अमेरिकेच्या राज्यघटनेत एका माणसाने खासगी पत्रातून देशाला पुन्हा युद्धात ओढण्याची सोय नाही. जून १९७३ मध्ये इंडोचायनातल्या लष्करी कारवाईचा पैसा १५ ऑगस्टपासून थांबवणारा कायदा प्रचंड बहुमताने संमत झाला. त्यावर सही कुणाची आहे, तर निक्सन यांची.

मदत घटली, हे खरे आहे आणि त्याने नुकसान झाले हेही खरे आहे. १९७५ च्या आर्थिक वर्षासाठी लष्करी मदत ७० कोटी डॉलरवर आली. दक्षिण व्हिएतनामी तोफांना मोजून गोळे मिळू लागले, सुट्या भागांवाचून विमाने जमिनीवर बसली. त्या सैनिकांची कणव मला आहे. पण पैशाच्या या कपातीआधी सुमारे दोन वर्षे दोन माणसांनी बंद खोलीत त्या देशाला आयुष्याची एक-दोन वर्षे आखून दिली होती. कपात झाली नसती तर पाडाव कदाचित काही काळ लांबला असता. काँग्रेसवर खापर फोडता यावे इतकी फट करारातच ठेवलेली होती, असे मला वाटते.

काही आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यायला हवेत. उत्तर व्हिएतनामी राजवट क्रूर होती. १९६८ मध्ये ह्वे शहरात तिच्या सैन्याने नागरिकांची सामूहिक हत्या केली, १९७५ नंतर हजारो लोकांना छावण्यांत डांबले, लाखो माणसे गलबतांत बसून समुद्रावर निघाली आणि त्यांतली असंख्य बुडाली. युद्धविरोधकांपैकी पुष्कळांनी या गोष्टींकडे पाठ फिरवली, ही त्यांची लाजिरवाणी बाजू आहे. पण सायगावमधल्या ज्या माणसांचे असे हाल झाले, त्यांना अखेरपर्यंत भरवसा दिला कुणी? आपला देश दोन वर्षांत सोडून दिला जाणार आहे हे ठाऊक असते, तर त्यांनी तडजोड केली असती, मुले बाहेर पाठवली असती, निदान आपल्या आयुष्याचा निर्णय स्वतः घेतला असता. निक्सन यांच्यावर ज्यांनी सर्वाधिक विश्वास टाकला त्यांत थिऊ यांचे अधिकारी आणि सैनिक होते, आणि सर्वांत जड किंमत त्यांनीच मोजली.

दुसरा आक्षेप चीनचा. चीनशी संबंध जुळवण्याचे श्रेय निक्सन यांना मिळाले पाहिजे, ते मी नाकारत नाही. त्यासाठी व्हिएतनाममध्ये आणखी चार वर्षे लढणे आवश्यक होते, हे मात्र कुणी सिद्ध केलेले नाही. माओ आणि चाऊ अमेरिकेकडे वळले ते सोव्हिएत संघाच्या भीतीने. १९६९ मध्ये उसुरी नदीवर दोन्ही सैन्यांत गोळीबार झाला होता.

आणि १९६८? त्या निवडणुकीच्या तोंडावर तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ३१ ऑक्टोबरला उत्तरेवरचे बॉम्बहल्ले थांबवले, पॅरिसमध्ये बोलणी सुरू होण्याची चिन्हे दिसली. निक्सन यांच्या प्रचारयंत्रणेतल्या ॲना शेनॉल्ट सायगावला निरोप धाडत होत्या की थांबा, आमच्या हातून तुम्हाला अधिक चांगले मिळेल. २ नोव्हेंबरला थिऊ यांनी बोलण्यांना यायला नकार दिला. निक्सन यांनी जॉन्सन यांना शपथेवर सांगावे तसे सांगितले की माझा यात काही संबंध नाही. हॅल्डमन यांच्या हस्ताक्षरातली टिपणे चरित्रकार जॉन फॅरेल यांनी प्रकाशात आणली आहेत. शेनॉल्ट यांना कामाला लावून ठेवा आणि बोलण्यांत मोडता घालण्याचा आणखी काही मार्ग आहे का पाहा, असे निक्सन यांचे आदेश त्यांत आहेत. तो नकार आला नसता तर शांतता झालीच असती, असा दावा मी करत नाही. थिऊ यांनाही स्वतःची कारणे होती. पण समर्थकांचा विश्वास मिळवण्याआधीच, उमेदवार असताना, या माणसाने युद्धाचा वापर मतांसाठी केला होता.

समर्थकांना मी दोष देत नाही. ८ मे १९७० रोजी न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीट भागात बांधकाम मजुरांनी युद्धविरोधी विद्यार्थ्यांना हेल्मेटांनी आणि हत्यारांनी मारले, त्याचे समर्थन होऊ शकत नाही. चारच दिवसांपूर्वी केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या गोळ्यांनी चार विद्यार्थी मेले होते. पण वीस मे रोजी त्याच शहरात शांतपणे झेंडे घेऊन चाललेले हजारो मजूर, टंकलेखक, गोदी कामगार वेगळे होते. सक्तीच्या सैन्यभरतीत पैसेवाल्यांची मुले महाविद्यालयाच्या आडोशाने सुटत आणि यांची मुले जात. आपल्या मुलाचे मरण व्यर्थ नाही, वर बसलेल्या माणसाला काहीतरी दिसते आहे, असे मानण्यावाचून या आईबापांना दुसरा आधार नव्हता. त्यांच्या श्रद्धेत मला मूर्खपणा दिसत नाही. तिच्या जोरावर निवडणुकीपर्यंत वेळ काढणाऱ्यांना मात्र माफी नाही.

आजच्या समर्थकांची गोष्ट निराळी आहे. १९६९ मध्ये तार पाठवणाऱ्या माणसाला ३ ऑगस्ट १९७२ चे संभाषण ऐकणे शक्य नव्हते, किसिंजर यांची टिपणवही त्याच्यासाठी कुलुपात होती. लेअर्ड यांनी २००५ साली लेख लिहिला तोपर्यंत यातले बरेच काही खुले झालेले होते, आणि आज तर ते सगळे घरबसल्या वाचता-ऐकता येते. काँग्रेसने युद्ध हरवले असे आता जो कुणी लिहील, त्याने आधी त्या ध्वनिफितीला उत्तर द्यावे. सॉर्ली, लेअर्ड आणि स्वतः निक्सन यांपैकी एकाच्याही लिखाणात ते उत्तर मला सापडलेले नाही.